काळा घोडा पायी फिरताना: गॅलऱ्या, मागच्या गल्ल्या, छोटी दुकानं आणि कॅफे

दक्षिण मुंबईतला काळा घोडा म्हटलं की बहुतेकांना तिथला कला महोत्सव आठवतो. १९९९ पासून जानेवारीच्या अखेरीला किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस इथे पाय ठेवायला जागा नसते. लोक मोठमोठ्या मांडणीशिल्पांपुढे फोटो काढतात, भेळ खातात आणि परत जातात. महोत्सव जरूर पाहा, पण या परिसराची खरी ओळख हवी असेल तर वर्षातल्या एखाद्या साध्या बुधवारी या. तेव्हा गॅलरीत चित्रकार निवांत भेटतो, दुकानदाराला बोलायला वेळ असतो आणि कॅफेत खिडकीजवळचं टेबल मिळतं.

हा लेख अशा एका दिवसासाठी आहे. मुंबईबाहेरून येणाऱ्यांना तो उपयोगी पडेलच, पण रोज चर्चगेटला उतरूनही कामाशिवाय इकडे कधी न फिरकलेल्या मुंबईकरांसाठीही तो लिहिला आहे.

दिवस आणि वेळ

सोमवार टाळा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं. रविवारी फोर्टातली कचेऱ्यांची गर्दी नसते, त्यामुळे इमारती पाहायला रविवारची सकाळ उत्तम, मात्र बरीच छोटी दुकानं आणि काही खासगी गॅलऱ्या त्या दिवशी उघडत नाहीत. शनिवार ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, तेव्हा इथलं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, आतून पाहायचं असेल तर तोही नको. मंगळवार ते शुक्रवार यातला कुठलाही दिवस घ्या.

मंगळवारचं एक वैशिष्ट्य आहे. जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात, त्यामुळे मंगळवारी चित्रं नुकतीच लागलेली असतात आणि चित्रकार, त्यांचे मित्र, घरची माणसं असा सगळा गोतावळा तिथे जमलेला असतो. गर्दी नको असेल तर बुधवार-गुरुवार बरे.

सकाळी फार लवकर पोचून उपयोग नाही. गॅलरी आणि दुकानं अकराच्या आसपास उघडतात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मिटायला लागतात. दहाला पोचलात तर पहिला तास इमारतींना देता येतो आणि उन्हं चढायच्या आत रस्त्यावरचं पाहणं उरकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते चार रस्त्यावर फिरायचं नाही, त्या वेळात आतली ठिकाणं घ्यायची.

पोचायचं कसं

गाडी आणू नका. चौकात वाहनतळ आहे, पण जागा शोधण्यात अर्धा तास जातो आणि वैतागूनच फिरायला सुरुवात होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेट, दोन्हीकडून रमतगमत वीस मिनिटांत चालत पोचता येतं. मेट्रो तीनचं हुतात्मा चौक स्थानक त्याहून जवळ आहे. बसने आलात तर कंडक्टरला ‘म्युझियम’ सांगा.

चालत येणार असाल तर महात्मा गांधी रस्त्याने या. वाटेत एस्प्लनेड मॅन्शन लागतं. हेच एकेकाळचं वॉटसन हॉटेल. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने इथे आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी पुढच्या काही वर्षांतच कॅमेरा मागवून १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रण केलं. भारतीय सिनेमाचा आरंभ ज्या वास्तूत झाला ती आज अतिशय जीर्ण अवस्थेत उभी आहे. बाहेरूनच पाहा, खाली फार वेळ रेंगाळू नका.

आधी चौक समजून घ्या

वाहनतळापाशी स्वार नसलेला काळा घोडा दिसेल. तो २०१७ मध्ये बसवला. या भागाला नाव मिळालं ते मूळ पुतळ्यावरून. तो प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा होता. त्याच्या १८७५-७६ मधल्या भारतभेटीची आठवण म्हणून ससून घराण्याने तो शहराला दिला होता. १९६५ मध्ये तो इथून हलवला. आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. पुतळा गेला तरी लोकांनी नाव सोडलं नाही.

घोड्यापाशी उभं राहून दिशा लक्षात घ्या. एका बाजूला जहांगीर आणि त्यामागे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट. महात्मा गांधी रस्त्यावर पिवळसर मालाड दगडाचं डेव्हिड ससून ग्रंथालय आणि एल्फिन्स्टन कॉलेज. पूर्वेकडे लायन गेटपर्यंत जाणारा के. दुभाष मार्ग, जुन्या लोकांचा रॅम्पार्ट रो. इथे किल्ल्याची तटबंदी होती आणि ती १८६० च्या दशकात पाडली गेली. तटाच्या आतल्या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्या उत्तरेकडे गेल्या आहेत. मोठ्या संस्था मोकळ्या जागेवर आणि छोटी दुकानं गल्ल्यांत, अशी ही विभागणी तेव्हापासूनची आहे. एवढं कळलं की नकाशा हातात धरावा लागत नाही.

ससून ग्रंथालयाची इमारत १८७० ची. अलीकडेच, २०२३ मध्ये, तिचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. सभासद नसाल तर दाराशी विचारून आत जा, मोबाईल गप्प ठेवा आणि व्हरांड्यात आरामखुर्चीवर वाचत पडलेल्यांचे फोटो काढू नका. मागच्या बाजूला बाग आहे. इतक्या गजबजाटात अशी शांत जागा टिकली, कारण वर्षानुवर्षं वर्गणी भरणारे सभासद तिथे येत राहिले.

जहांगीर आणि त्याबाहेरचा फूटपाथ

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. प्रवेश विनामूल्य आहे. दार मोठं आहे, आतली माणसं कलेतली आहेत, आपल्याला काय कळतं, असं म्हणत कित्येक जण बाहेरूनच परततात. असं करू नका. दालन मिळायला कलावंत वर्षानुवर्षं थांबतात, पदरचे पैसे घालून चित्रं आणतात, आणि मग आठवडाभर खुर्चीवर बसून कोणी काही विचारील याची वाट पाहतात.

आत गेल्यावर आधी पूर्ण दालन एकदा फिरून या. मग ज्या चित्रापाशी पाय थांबला तिथे परत जा. ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘हा रंग कसा बसवला?’, ‘हे किती दिवस चाललं होतं?’, ‘गाव कुठलं तुमचं?’ असं विचारलं की माणूस खुलतो. कोल्हापूर, सांगली, नाशिक, विदर्भ, गोवा इथून आलेले चित्रकार इथे नेहमी भेटतात आणि मराठीत गप्पा रंगतात. किमतीची यादी टेबलावर असते, ती मागायला संकोच नको. चित्राखाली लाल टिकली असेल तर ते विकलं गेलं आहे.

या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू आणि खुर्शीद गांधी यांनी १९६३ मध्ये केमोल्ड गॅलरी सुरू केली. त्याआधीही आधुनिक चित्रकलेचा पत्ता हाच होता. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाचं १९४९ मधलं प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरच भरलं होतं. गटातले हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे ही नावं आपल्याकडे फार कमी घेतली जातात.

बाहेर पडल्यावर फूटपाथवर, भिंतीला आणि रेलिंगला टेकवून चित्रं मांडलेली दिसतील. शेजारी समोर बसवून पोर्ट्रेट काढून देणारे चित्रकारही असतात. पोर्ट्रेटला बसण्याआधी त्यांनी काढलेली दोन-तीन पुरी झालेली चित्रं पाहा. समोर लावलेला एखाद्या नटाचा चेहरा फोटोवरून काढलेला असू शकतो, त्यावरून अंदाज येत नाही. भाव, आकार आणि वेळ आधी ठरवून घ्या. चित्र विकत घेताना ‘दादा, हे तुम्ही स्वतः काढलंय का?’ एवढं विचारा. स्वतः काढलेलं असेल तर ते कागद कुठला, रंग कुठला हे आपणहून सांगतात. ठरलेल्या भावात फार घासाघीस करू नये. पावसाची एक सर आली की यांचा दिवस बुडतो.

समोरच्या वर्तुळाकार सभागृहात, १९११ मध्ये बांधलेल्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिकीट नाममात्र. वस्तुसंग्रहालय मात्र या दिवसात कोंबू नका, त्याला अख्खा वेगळा दिवस लागतो.

मागच्या गल्ल्या

के. दुभाष मार्गावर आलात की आधी कोपऱ्यावरचं बंद ऱ्हिदम हाउस दिसेल. कॅसेट आणि रेकॉर्डसाठी पिढ्यान्‌पिढ्या लोक इथे यायचे, २०१६ मध्ये ते बंद झालं. जहांगीरमधलं समोवार हे १९६४ चं कॅफे २०१५ मध्येच गेलं होतं. त्याही आधी वेसाइड इन हे रेस्टॉरंट गेलं. अरुण कोलटकर तिथल्या खिडकीशी नेमाने बसत. चौकातलं कुत्रं, इडलीवाली, झाडूवाल्या बायका, खिडकीतून दिसणारं हे सगळं त्यांच्या इंग्रजी कवितांत आलं आणि २००४ मध्ये त्या कविता पुस्तकरूपाने निघाल्या. एका चहावर तासन्‌तास बसू देणारी जागा होती म्हणून त्या लिहिल्या गेल्या. ही तिन्ही ठिकाणं बंद झाली तेव्हा हळहळ खूप झाली, पण त्याआधी कित्येक वर्षं हळहळणाऱ्यांतले बरेच जण तिथे गेलेले नव्हते. म्हणून माझा आग्रह असा, की इथे याल तेव्हा एक तरी वस्तू विकत घ्या. दहा रुपयांचं पोस्टकार्ड चालेल.

आता गल्लीत शिरा. डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग, म्हणजे जुनी फोर्ब्स स्ट्रीट, आणि साईबाबा मार्ग, म्हणजे जुनी रोपवॉक लेन, या दोन लक्षात ठेवा. जहाजांसाठी दोर वळायचे म्हणून रोपवॉक. फोर्ब्स स्ट्रीटवरचं निळं-पांढरं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चं. २०१९ मध्ये दुरुस्ती झाल्यावर त्याचा जुना रंग परत दिसू लागला. आत जायला ओळखपत्र लागतं, बॅग तपासतात, पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. रंगीत काचांच्या खिडक्यांतून दिवसाचं ऊन आत येतं, त्यामुळे संध्याकाळऐवजी दिवसाउजेडी जा.

याच रस्त्यावर आर्टिझन्स ही हस्तकलेची गॅलरी आहे. देशभरचे विणकर, छपाई करणारे, मातीकाम करणारे कारागीर इथे स्वतः येऊन आपलं काम मांडतात. कारागीर समोर असेल तर वस्तूपेक्षा आधी त्याचं बोलणं ऐका.

इतर दुकानांची यादी मी मुद्दाम देत नाही. या गल्ल्यांतली छोटी दुकानं जागा बदलतात, काही पहिल्या मजल्यावर असतात आणि खाली फक्त लहानशी पाटी असते. वर जाणारा लाकडी जिना दिसला आणि शेजारी पाटी असली तर वर जा. बेल वाजवून ‘पाहायला येऊ का?’ विचारलं की दार उघडतात. ठराविक दुकानासाठीच येणार असाल तर निघण्याआधी फोन करा.

विकत घेताना काय पाहायचं

हाताने केलेलं म्हणून जास्त पैसे द्यायचे असतील तर ते खरंच हाताचं आहे का, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. दुकानदाराला याचा राग येत नाही, उलट जाणकार गिऱ्हाईक आलं म्हणून तो आतलं चांगलं काढतो.

ठशाच्या छपाईचं कापड उजेडात पसरा. ठसा जिथे दुसऱ्या ठशाला भिडतो ती रेघ शोधा. हाताने मारलेला ठसा कुठे केसभर चढतो, कुठे केसभर सुटतो, एखादं फूल दाबून उमटतं तर एखादं फिकं. सगळी फुलं तंतोतंत सारखी असतील तर ती यंत्राची छपाई. मग कापड उलटं करा, हाताच्या छपाईचा रंग पाठीला बऱ्यापैकी उतरलेला असतो.

हातमागाच्या कापडाचे दोन्ही काठ बोटात धरून पाहा. विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांची बारीक भोकं काठालगत ओळीने दिसतात. इकतचं नक्षीकाम दोन्ही बाजूंना सारखं असतं, कारण रंग विणण्याआधीच सुतात असतो. पैठणीची पाठ तर प्रत्येक मराठी घरात पाहता यायला हवी: हाताने विणलेल्या पदराची मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ असते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागाची.

चित्रांच्या छापांत मोठा गोंधळ होतो. ‘प्रिंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू दोन प्रकारच्या असतात. एक, कलावंताने स्वतः पत्रा, लाकूड किंवा दगडावरून काढलेले मोजके छाप. यांच्याखाली पेन्सिलीने ५/२५ असा आकडा आणि सही असते, म्हणजे पंचवीसपैकी पाचवा. धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या छापाच्या कडेने कागद दबलेला असतो. कागद तिरका धरला की तो दाब दिसतो आणि बोटालाही लागतो. दुसरा प्रकार म्हणजे संगणकावरून छापलेली प्रत. तीही सुंदर असू शकते, घरी लावायला काहीच हरकत नाही, पण पहिल्या प्रकारची किंमत तिला देऊ नये. घेताना ‘एकूण किती प्रती काढल्यात?’ हा एक प्रश्न पुरतो.

किमतीबद्दलही बोलू. छोट्या दुकानात भाव लिहिलेला असतो, तिथे घासाघीस करत नाहीत. सूट हवी असेल तर ‘जुना माल किंवा नमुन्याचे तुकडे आहेत का?’ असं विचारा. कारखान्यात उरलेल्या कापडाच्या पिशव्या, रुमाल, वह्या अशा वस्तू बऱ्याच ठिकाणी असतात आणि भेट द्यायला त्या छान. जीएसटी धरून किंमत किती, बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. चित्र घेतलंत तर नळीत गुंडाळून मागा आणि सहीची पावती ठेवा.

खाणं आणि बसणं

कॅफेत कॉफी स्वस्त नाही, अडीचशे-तीनशे रुपये धरून चाला. ते पैसे बसण्याच्या जागेचेही आहेत. रोपवॉक लेनमधलं काळा घोडा कॅफे जुन्या इमारतीतल्या लहानशा जागेत आहे. दुपारी एक ते अडीच कचेरीतली माणसं जेवायला येतात तेव्हा लॅपटॉप उघडून टेबल अडवू नये. साडेतीन ते साडेपाच ही निवांत बसण्याची वेळ. चौघे असाल तर दोन कॉफींवर दोन तास काढू नका, थोड्या थोड्या वेळाने काहीतरी मागवत राहा.

जेवायला के. दुभाष मार्गावरचं चेतना माझ्या मते सगळ्यात समाधानाचं. १९४६ मध्ये सुरू झालेली ही संस्था, शाकाहारी थाळी आणि तत्त्वज्ञानाची पुस्तकं एकाच छताखाली. खेतवाडीत मराठीतून बोलणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत छापून जगभर पोचवले ते चेतनाने. थाळीआधी किंवा नंतर पुस्तकांपाशी अवश्य थांबा. मासे-खेकडे आवडत असतील तर साईबाबा मार्गावरचं तृष्णा आहे, खेकड्याचा भाव आधी विचारून घ्या, तो वजनावर ठरतो. रात्री उशिरापर्यंत थांबणार असाल तर गल्लीतल्या अयुब्सचे रोल उभ्याने खायचे. बजेट कमी असेल तर फोर्टातल्या उडपी हॉटेलांत पोटभर जेवण होतं आणि वाचलेल्या पैशात एक छाप घेता येतो.

आई-बाबा किंवा मुलं सोबत असतील तर

सगळं करू नका. आई-बाबांबरोबर जहांगीर, चेतना आणि ससून ग्रंथालय एवढं पुरे, तिन्ही एकमेकांपासून काही पावलांवर आहेत. पहिल्या मजल्यांवरच्या दुकानांचे जिने उंच आणि अंधारे असतात, ते टाळा. मुलांना एक वही आणि पेन्सिल द्या, फूटपाथवरच्या चित्रकारांशेजारी बसून ती काढत बसतात. विचारलं तर बहुतेक चित्रकार हरकत घेत नाहीत.

पावसाळ्यात आलात तर कागदाची कुठलीही खरेदी शेवटी ठेवा आणि सोबत प्लास्टिकची मोठी पिशवी असू द्या. लायन गेटच्या बाजूला नौदलाची हद्द आहे, तिकडे कॅमेरा काढू नका. गल्ल्यांतल्या इमारतींत लोक राहतात, त्यांच्या दारातल्या खुर्च्या आणि वाळत घातलेले कपडे तुमच्या फोटोसाठी मांडलेले नाहीत.

परतताना

परतीची वाट हुतात्मा चौकाकडून घ्या. फ्लोरा फाउंटनपाशी किताबखाना आहे, २०११ मध्ये सुरू झालेलं पुस्तकांचं दुकान. डिसेंबर २०२० मध्ये आगीत त्याचं मोठं नुकसान झालं आणि काही महिन्यांतच ते पुन्हा उघडलं. मराठी पुस्तकांचा विभाग आहे आणि कोणी हटकत नाही. कोलटकर मागा. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांतले मागा. संपले असतील तर नाव-नंबर लिहून मागवायला सांगा, कारण मागणीची नोंद झाली की पुढच्या वेळी दोन प्रती जास्त येतात. मेट्रोचं स्थानक तिथून जवळच आहे.